मॅकेलेलेच्या नावापुढचं शून्य

इंग्लंडात नोकरी करायची आणि फुटबॉलबद्दल बोलायचं नाही, हे पुण्यात राहून ट्रॅफिकबद्दल न बोलण्याइतकं अवघड आहे. सोमवारी सकाळी हापिसात चहाच्या किटलीपाशी उभं राहिलं की विषय एकच. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. सुरुवातीला नुसती मान डोलवायचो. मग हळूहळू सामने बघायला लागलो आणि बघता बघता एका संघाच्या गोष्टीत अडकलो. तो संघ इंग्लंडचा नाही, स्पेनचा. रेआल माद्रिद.

पैसा म्हणाल तर वाट्टेल तेवढा. खेळाडू म्हणाल तर जगातले उत्तमोत्तम. आणि तरीही हा संघ दर काही वर्षांनी एकच चूक करतो, तोल घालवून बसतो, मग कसाबसा सावरतो, आणि सावरल्यावर तो कशामुळे सावरला तेच विसरतो. मी इंजिनियर असल्यामुळे असेल, पण मला त्यांच्या विजयांपेक्षा ही बिघाडाची आणि दुरुस्तीची गोष्ट जास्त ओढून घेते. आणि दुसरं कारण असं की ही चूक मी स्वतःही केलेली आहे. त्याबद्दल पुढे.

तर मंडळी, २००० साली फ्लोरेंतिनो पेरेझ नावाचे बांधकाम क्षेत्रातले बडे उद्योगपती रेआल माद्रिदचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. त्यांचं धोरण सोपं होतं, दर उन्हाळ्यात जगातला एक महातारा विकत घ्यायचा. २००० साली फिगो आला, तोही थेट कट्टर वैरी बार्सिलोनाकडून. २००१ साली झिदान. २००२ साली ब्राझीलचा रोनाल्डो. २००३ साली बेकहॅम. राउल आणि रोबेर्तो कार्लोस घरात होतेच. या सगळ्यांना मिळून लोक 'गॅलॅक्टिको' म्हणायला लागले. म्हणजे थेट आकाशगंगेतले!

याच २००० सालच्या उन्हाळ्यात आणखी एक खेळाडू आला होता. त्याच्या आगमनाचा फारसा गाजावाजा झाला नाही. क्लोद मॅकेलेले. जन्म किन्शासाचा, वाढला फ्रान्समधे, उंची जेमतेम पाच फूट सात इंच. बचावफळीच्या पुढे आणि बाकी सगळ्यांच्या मागे उभं राहायचं हे त्याचं काम. माद्रिदसाठी तो तीन मोसम खेळला, लीगचे ९४ सामने, आणि लीगमधे गोल किती? शून्य.

आता हा माणूस करायचा काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फुटबॉलमधे गोलकीपर सोडून दहा जण. माद्रिदमधे रोबेर्तो कार्लोस हा नावाला डावा बचावपटू, पण त्याचा जीव रमायचा तो समोरच्या गोलपाशी. झिदान कागदावर डावीकडे, पण प्रत्यक्षात मन मानेल तिकडे फिरायचा, आणि त्यानं तसंच फिरावं अशी सगळ्यांची इच्छा होती. फिगो उजव्या कडेला. रोनाल्डो चेंडू आपल्या पायाशी येण्याची वाट बघत पुढे उभा. चेंडू गेला की मागे धावत येण्यात यांतल्या बहुतेकांना रस नव्हता. त्यासाठी त्यांना आणलंही नव्हतं.

म्हणजे चेंडू हातचा गेला, माफ करा, पायातला गेला, की मैदानाच्या मधोमध मोठं मोकळं मैदान पडायचं. ती जागा मॅकेलेले सांभाळायचा. रोबेर्तो कार्लोस वर गेला की हा डावीकडे सरकायचा. झिदाननं चेंडू गमावला की हा आधीच तिथे उभा असायचा. चेंडू काढून घ्यायचा, आणि मग आडवा किंवा मागे एक साधासा पास द्यायचा. दहा फुटांवर. कुठलीही टीव्ही वाहिनी तो पास परत दाखवणार नाही.

क्रिकेटवाल्यांसाठी सांगायचं तर आपला राहुल द्रविड आठवा. २००३ च्या विश्वचषकात तो यष्टिरक्षण करत होता. हे काही त्याचं आवडतं काम नव्हतं. पण त्यानं ग्लोव्हज घातले म्हणून संघात एक जादा फलंदाज बसला आणि वरच्या मंडळींना मोकळेपणानं मारता आलं. आपण अंतिम सामन्यापर्यंत गेलो. त्या स्पर्धेच्या आठवणी निघाल्या की सचिननं शोएबला मारलेला षटकार निघतो. ग्लोव्हज कुणाच्या लक्षात राहतात?

याच २००३ च्या जूनमधे माद्रिदनं लीग जिंकली. एक-दोन दिवसांतच प्रशिक्षक विसेंते देल बोस्के यांना निरोप दिला गेला. या माणसानं साडेतीन-चार वर्षांत दोनदा लीग आणि दोनदा चॅम्पियन्स लीग जिंकून दिली होती. पण तो मिशाळ, शांत, जरा जुन्या वळणाचा गृहस्थ. नव्या झगमगाटात शोभेना. कप्तान हिएरोही गेला. मग बेकहॅम आला. आणि मॅकेलेलेनं पगारवाढ मागितली. बाकीच्या ताऱ्यांच्या तुलनेत त्याचा पगार खूपच कमी होता. ती नाकारली गेली, आणि ऑगस्टअखेरीस तो सुमारे १ कोटी ६० लाख पौंडांना चेल्सीला विकला गेला. त्याचं तंत्र बेताचं, पास आडवे नाहीतर मागे, त्याची उणीव भासणार नाही, अशा अर्थाचे अध्यक्षांचे उद्गार तेव्हा खूप गाजले होते.

कागदावर हिशोब अगदी चोख होता. शून्य गोल करणारा गेला, बेकहॅम आला. वजाबाकी कमी, बेरीज जास्त.

आणि खरी गंमत इथे आहे. लगेच काहीही झालं नाही! कार्लोस केइरोश नावाच्या नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली संघ लीगमधे पहिल्या क्रमांकावर होता. मार्च २००४ च्या मध्यापर्यंत लीग, स्पेनचा चषक आणि चॅम्पियन्स लीग या तिन्ही स्पर्धा जिंकण्याची आशा होती. पेरेझसाहेबांचं बरोबर होतं असंच कुणीही म्हटलं असतं.

मग १७ मार्चला चषकाच्या अंतिम सामन्यात सारागोसानं ३-२ असं हरवलं. एप्रिलच्या सुरुवातीला मोनॅकोनं चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढलं. त्यात दोन्ही सामन्यांत माद्रिदविरुद्ध गोल कुणी केला, तर मोरिएंतेसनं. तो माद्रिदचाच खेळाडू. ताऱ्यांच्या गर्दीत जागा नाही म्हणून मोनॅकोला उसना दिलेला! आणि लीगमधे शेवटचे पाचच्या पाच सामने हरून माद्रिद चौथं आलं.

यंत्रशास्त्रात हे आम्हाला नीट ठाऊक असतं. एखादा आधार काढला की यंत्र त्याच क्षणी पडतं असं नाही. त्याचा भार शेजारच्या भागांवर जातो. ते भाग तो उचलतात. काही महिने सगळं व्यवस्थित चालतं आणि ज्यानं आधार काढला तो खर्च वाचवल्याबद्दल शाबासकी घेतो. आत मात्र धातू थकत असतो. मग एके दिवशी तो मोडतो, आणि मोडतो तो भलताच भाग. चौकशी त्या मोडलेल्या भागाची होते.

माद्रिदमधे तेच झालं. मॅकेलेलेचा भार बेकहॅम, गुती, हेल्गेरा यांनी वाटून घेतला. बेकहॅमनं तर आयुष्यभर उजव्या कडेला खेळून इथे मधोमध धावाधाव केली, आणि मनापासून केली. बदली खेळाडू फारसे नव्हतेच, कारण पैसा ताऱ्यांवर गेलेला. वसंत ऋतू येईस्तोवर पाय संपले.

आता दोन आकडे देतो, ते फार बोलके आहेत. २००२-०३ च्या लीगमधे माद्रिदवर ४२ गोल झाले होते. २००३-०४ मधे ५४ झाले. हे अपेक्षितच. राखणदार गेला, चोऱ्या वाढल्या. पण माद्रिदनं केलेले गोल? २००२-०३ मधे ८६. २००३-०४ मधे, बेकहॅम येऊनसुद्धा, ७२. शून्य गोल करणारा माणूस गेला आणि संघाचे १४ गोल कमी झाले! यात बाकीची कारणंही असणारच. देल बोस्के गेले होते, हिएरो गेला होता. सगळं खापर एका बदलावर फोडणं बरोबर नाही. पण मॅकेलेले म्हणजे फक्त बचाव, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. तो मागे होता म्हणून पुढचे निर्धास्त होते. पंगतीत वाढपी कमी केला तर नुसतं वाढणंच अडत नाही, जेवणाऱ्यांचं जेवणही थांबतं.

तिकडे लंडनमधे काय झालं ते मला जवळून बघायला मिळालं. २००४-०५ मधे मुरिन्योच्या चेल्सीनं ५० वर्षांनी इंग्लंडची लीग जिंकली, ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाऊन. मधे उभा होता मॅकेलेले. त्या जागेला इंग्लंडात त्याचंच नाव पडलं. आमच्या हापिसातला चेल्सीचा एक भक्त तेव्हा दर सोमवारी न चुकता माद्रिदकरांचे आभार मानायचा.

'मग माद्रिदनं तसाच दुसरा माणूस का नाही आणला?' असं तुम्ही विचाराल. आणला की! जानेवारी २००५ मधे ग्रावेसन नावाचा डॅनिश खेळाडू त्याच जागेसाठी आणला. जमलं नाही. आणि जो होता तो घालवला. एस्तेबान काम्बियासो नावाचा त्या जागेवर खेळू शकणारा तरुण त्यांच्याकडेच होता. २००४ साली तो इंटर मिलानला गेला. २०१० साली इंटरनं चॅम्पियन्स लीग जिंकली, मधल्या फळीत काम्बियासो, आणि अंतिम सामन्याचं मैदान? माद्रिदचंच, बेर्नाबेऊ! त्याच उन्हाळ्यात देल बोस्के यांनी स्पेनला विश्वचषक मिळवून दिला, बुस्केट्स आणि अलोन्सो असे दोन-दोन राखणदार मधे उभे करून. असो.

ग्रावेसनचं का जमलं नाही, यावर मी बराच विचार केला आहे, आणि माझं मत असं की जागा भरणं आणि तोल येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तराजूचं एक पारडं खाली गेलं असेल तर दुसऱ्यात वजन टाकून भागेलच असं नाही. कधीकधी जड पारड्यातलं काहीतरी काढावं लागतं. माद्रिदला नवा राखणदार हवा होता, पण एकाही ताऱ्याला बाकावर बसवायचं नव्हतं. ते कुणाच्याच हातात नव्हतं, कारण तारे अध्यक्षांनी आणलेले होते. तीन मोसम एकही मोठा चषक नाही, प्रशिक्षक बदलत राहिले, आणि फेब्रुवारी २००६ मधे पेरेझ यांनी राजीनामा दिला.

पुढच्या मोसमात कापेल्लो नावाचा कडक इटालियन प्रशिक्षक आला. त्यानं इमर्सन आणि दियारा असे दोन राखणदार उभे केले, मोसमाच्या मधे रोनाल्डो संघाबाहेर गेला, आणि २००७ ची लीग माद्रिदनं जिंकली. बार्सिलोनाइतकेच ७६ गुण, पण आपसातल्या सामन्यांत वरचढ. तोल आला होता. पण खेळ रुक्ष, म्हणून जिंकल्यावर कापेल्लोलाही नारळ मिळाला!

२००९ मधे पेरेझ परत आले. २०१४ साली माद्रिदनं दहावा युरोपियन चषक जिंकला. तेव्हा मधल्या फळीत शाबी अलोन्सो आणि दि मारिया होते. त्याच उन्हाळ्यात दोघेही गेले. त्यांच्या जागी टोनी क्रूस आला, आणि विश्वचषकात सर्वाधिक गोल करणारा देखणा हामेस रोद्रिगेझ आला. पुन्हा तेच! आणि पुन्हा लगेच काही झालं नाही. डिसेंबर २०१४ पर्यंत सलग २२ सामने जिंकले. जानेवारीत पहिला पराभव, आणि मोसमाअखेरीस ना लीग, ना चॅम्पियन्स लीग. त्यात मॉड्रिचची दुखापतही होती हे खरं, पण भार उचलायला माणसं कमी असली की एकाची दुखापत सगळ्यांना महागात पडते.

नोव्हेंबर २०१५ मधे बार्सिलोनानं माद्रिदला त्यांच्याच मैदानावर ४-० असं धुतलं. त्या दिवशी सगळे तारे मैदानात होते. कासेमिरो नावाचा ब्राझिलियन राखणदार मात्र बाकावर. जानेवारी २०१६ मधे प्रशिक्षक बदलला. नवा कोण, तर झिदान!

सुरुवातीचे काही आठवडे त्यानंही देखण्या पायांचीच मधली फळी उतरवली. २७ फेब्रुवारीला ॲटलेटिकोकडून घरच्या मैदानावर हार पत्करली. त्यानंतर कासेमिरो संघात पक्का होत गेला. हामेस आणि इस्को यांना बाकाची सवय करून घ्यावी लागली. लीगचे उरलेले बाराही सामने माद्रिदनं जिंकले. त्यांतला एक बार्सिलोनाच्या घरी, शेवटी दहा जणांनिशी. लीग एका गुणानं हुकली, पण चॅम्पियन्स लीग मिळाली. मग २०१७ ची मिळाली. मग २०१८ ची. २०१७ च्या अंतिम सामन्यात कासेमिरोनं एक गोल केला. हामेसचं नाव त्या दिवशी राखीव खेळाडूंतही नव्हतं.

हे झिदानलाच का जमलं? माझ्या मते याचं उत्तर २००३ मधे आहे. मॅकेलेले गेल्यावर काय होतं, हे तो मैदानात उभा राहून भोगत होता. २००६ च्या विश्वचषकात फ्रान्सच्या संघात मॅकेलेले पुन्हा त्याच्या मागे होता, आणि ते दोघं अंतिम सामन्यापर्यंत गेले. आपलं मोठेपण कुणाच्या पाठीवर उभं आहे हे त्याला ठाऊक होतं. आणि दुसरं, ताऱ्याला बाकावर बसायला सांगायचं तर सांगणारा त्याहून मोठा तारा लागतो. झिदाननं सांगितल्यावर वाद कोण घालणार?

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत माझ्या हाताखाली सात-आठ जणांचा गट होता. त्यात एक वयस्कर गृहस्थ होते. ते स्वतः ड्रॉइंग काढायचे नाहीत. पाइपिंगवाल्यांचं ड्रॉइंग फाउंडेशनवाल्यांच्या ड्रॉइंगशी जुळतंय का, कुणी जुनी आवृत्ती तर वापरत नाही ना, हे बघत हिंडायचे. वर्षअखेरीस तक्ता आला, कुणी किती ड्रॉइंग केली याचा. त्यांच्या नावापुढे शून्य. दुसऱ्या विभागानं त्यांना मागितलं आणि मी सही केली. मी! मॅकेलेलेची गोष्ट चहाच्या किटलीपाशी चवीनं सांगणारा मी.

चार महिने काहीही झालं नाही. पाचव्या महिन्यात साइटवरून फोन आला. पंपाच्या बैठकीची भोकं आणि काँक्रीटमधले बोल्ट जुळत नव्हते. दोन्ही ड्रॉइंग आपापल्या जागी अचूक होती. फक्त एकमेकांशी त्यांची ओळख नव्हती.

मी त्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला आणि परत यायला नम्रपणे नकार दिला. नवीन माणूस नेमायला पैसे नव्हते. शेवटी मी गटातल्या सगळ्यात हुशार डिझायनरला सांगितलं, आठवड्यातले दोन दिवस ड्रॉइंग बंद, फक्त जुळवणी. तो महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. त्याच्या तक्त्यातला आकडा घसरला, आणि तो का घसरला हे वरच्या साहेबांना समजावताना माझीही थोडी नाचक्की झाली. पण काम रुळावर आलं. तोल फुकट येत नाही, हे तेव्हा कळलं. त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते, आणि ती नेहमी जड पारड्यातल्यानं मोजायची असते. हलक्या पारड्यातला तर आधीपासूनच मोजत असतो.

माद्रिदला हे कळलं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर ऐका. २०२४ च्या जूनमधे पंधरावा युरोपियन चषक जिंकून टोनी क्रूस निवृत्त झाला. कासेमिरो २०२२ मधेच गेला होता. त्याच २०२४ च्या उन्हाळ्यात आला एम्बापे. त्यानं २०२४-२५ च्या लीगमधे ३१ गोल केले, स्पेनमधे सर्वाधिक. आणि संघ? बार्सिलोनाशी चार सामने, चारही पराभव, चारांत मिळून १६ गोल खाल्ले. चॅम्पियन्स लीगमधे आर्सेनलनं दोन सामन्यांत मिळून ५-१ असं घरी पाठवलं. बचावफळीत दुखापती होत्या, हे मान्य. पण क्रूस जिथून खेळाची सूत्रं हलवायचा तिथे कोण उभं राहणार, हा प्रश्न वर्षभर तसाच राहिला.

आर्सेनलच्या त्या सामन्यानंतरच्या सकाळी चहाच्या किटलीपाशी एकानं मला विचारलं, एवढे तारे असून हे हरतात कसे? मी म्हटलं, एवढे तारे असून म्हणजे काय?